गंजलेले पाने, गोट्या (नट फिरवायचे सॉकेट) लाइफटाइम वॉरंटीत बदलून मिळतात का? कुणाचा अनुभव आहे का

देवगड_गॅरेज

नमस्कार मंडळी. वडिलांच्या गॅरेजची हत्यारं आता माझ्याकडे आलीत. बोटींची छोटी डिझेल इंजिनं, आउटबोर्ड, शिवाय टू व्हीलर असं सगळं काम चालतं आमच्याकडे, आणि गॅरेज खाडीपासून अगदी जवळ, त्यामुळे खारं वारं बारा महिने. पेटी दोन पावसाळे नीट उघडलीच गेली नव्हती, मी आत्ता सगळं बाहेर काढलं तर निम्मं सामान लाल झालंय.

काय काय आहे ते लिहिते. अर्धा इंच ड्राइव्हचा गोटी सेट, त्यातली १९ ची गोटी उभी चिरलीय आणि रॅचेट (गोटी लावून फिरवायचा दांडा) दोन्हीकडे नुसतं फिरतं, पकडतच नाही. कॉम्बिनेशन पान्यांचा सेट, त्यातल्या बऱ्याच पान्यांवर गंजाचे ठिपके आहेत पण तोंडं चांगली आहेत. दोन रिंग पान्यांचं वरचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटतंय, परवा एक पापुद्रा बोटात घुसला, चांगलंच रक्त आलं. पक्कड आहे ती उघडतच नाही. एक टॉर्क रेंच, बोल्ट मोजून आवळायचा. आणि खाली तळाशी आजोबांच्या वेळचे काही जाड पाने आहेत ज्यांच्यावर एमएम नाही, अपूर्णांक कोरलेत आणि पुढे इंग्रजी डब्ल्यू.

गोट्या, रिंग पाने, कॉम्बिनेशन सेट आणि पक्कड एकाच मोठ्या कंपनीचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापुरातून घेतलेलं, बिल सापडत नाही पण गोटी सेटच्या पत्र्याच्या डब्यात कार्ड आहे आणि त्यावर लाइफटाइम वॉरंटी छापलेलं आहे. कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी फोटो मागवले आणि नंतर सांगितलं की गंज वॉरंटीत येत नाही. डीलरला विचारलं तर तो म्हणतो कंपनी देते, घेऊन या. आता कोणाचं खरं मानायचं? सगळी पेटी उचलून कोल्हापूरला न्यायची की काही मोजकंच न्यायचं? नवीन सगळं घ्यायचं तर पैसे बरेच जातात आणि मला ही हत्यारं नुसती टाकूनही द्यायची नाहीत.

नागदेवी_काउंटर

ताई, माझं अख्खं आयुष्य मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या काउंटरमागे गेलं त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. तुम्हाला दोघांनीही खरंच सांगितलंय, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. हँडटूलची लाइफटाइम वॉरंटी असते ती मटेरियल आणि बनावटीतल्या दोषाची. लोखंड कच्चं निघालं, पाणी (म्हणजे तापवून दिलेला कडकपणा) नीट बसलं नाही, फोर्जिंगमध्ये चीर राहिली, तर कंपनी बदलून देते, मग दहा वर्षांनी का होईना. वापरून झीज झाली, गंजलं, पाइप घालून ताकद लावली, हातोडीने ठोकलं, ग्राइंडर मारला, वेल्डिंग केलं, हे सगळं त्यातून बाहेर. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात हेच असतं, एकदा वाचून घ्या, कंपनीनुसार थोडाफार फरक असतो.

म्हणून पूर्ण पेटी अजिबात नेऊ नका. पोतं भरून गंजलेला माल काउंटरवर ओतला की समोरचा माणूस पहिल्या मिनिटाला नाही म्हणायच्या तयारीत जातो, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. त्या ढिगात तुमचा एक खरा क्लेम असतो, तोही बुडतो.

तुमच्या यादीतला सगळ्यात पक्का क्लेम म्हणजे चिरलेली १९ ची गोटी. गोटी उभी चिरणं हे गंजाने होत नाही सहसा. पण तुम्हाला एक प्रश्न नक्की विचारतील, की ही इम्पॅक्ट गनवर (ठोके देत नट फिरवणारं मशीन) लावली होती का? क्रोमवाली चकचकीत गोटी हाताने फिरवायची असते, गनसाठी काळी इम्पॅक्ट गोटी वेगळी येते, तिची भिंत जाड असते आणि ती मार खाते. क्रोमची गनवर लावली तर चिरते आणि मग कंपनी देत नाही. तुमच्याकडे गन नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

रॅचेट: अख्खं बदलून द्यायच्या आधी पुष्कळ कंपन्या आतलं रिपेअर किट देतात, म्हणजे दात, खटका, स्प्रिंग. ते घ्यायला काही हरकत नाही, बाहेरचं हँडल तसं मरत नाही. पण आधी ते उघडून बघा, नुसतं चिकटलंही असेल.

सुटणारं क्रोम, हा मधला मामला आहे. मागा, नक्की मागा, पण साफ करायच्या आधी फोटो काढा. आणि ते पापुद्रे कानशीने किंवा ग्राइंडरने काढू नका, एकदा ग्राइंडर लागला की क्लेम संपला. कंपनीचं नाव आणि बॅच नंबर जिथे ठोकलाय तिथे तर वायर ब्रशही हळू मारा.

पक्कड आणि ठिपके आलेले पाने, हे विसरा. ते घरी दुरुस्त होतं.

पिंपरी_फिटर

मला हे पटत नाही. कंपनीने लाइफटाइम छापलं ते बघूनच लोकांनी चार पैसे जास्त मोजले ना? मग गंजलं तरी बदलून द्या. ताई सगळं घेऊन जा आणि मागा, लाजायचं कशाला. नाही म्हणाले तर परत आणायचं, आपलं काय जातं.

चाकण_प्लेटिंग

मी प्लेटिंग शॉपमध्ये काम करतो, आमच्याकडे हँडटूल पण येतात. क्रोमबद्दल लिहितो कारण सगळे गंज आणि क्रोम सुटणं एकच समजतात.

पान्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असतं ना, त्यामुळे लोकांना वाटतं हे स्टेनलेस आहे. नाहीये. स्टेनलेस म्हणायला लोखंडात क्रोमियम कमीत कमी साडेदहा टक्के लागतं, क्रोम व्हॅनेडियम पान्यात ते एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ते ताकदीसाठी घातलेलं असतं, गंजाशी त्याचा संबंध नाही. गंज अडवतो तो वरचा थर, आणि त्यातही खरं काम निकेल करतं. खाली निकेलचा थर काही मायक्रॉनचा आणि त्यावर क्रोम, ते तर अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर, चकाकीला आणि ओरखडे पडू नयेत म्हणून. निकेलमध्ये एक बारीक भोक राहिलं किंवा दणका बसून थर फुटला की मिठाचं पाणी आत जातं आणि ओल आलेल्या भिंतीच्या रंगासारखं खालून फुगायला लागतं. कोकणात हे लवकर होणारच. आम्ही टेस्ट करतो ती ५ टक्के मिठाच्या पाण्याचा धुका ३५ अंशाला सोडून करतो आणि किती तास टिकलं ते मोजतो, तुमची हत्यारं तर वर्षानुवर्षं त्यातच आहेत.

आता तुम्हाला कामाचं. सुटलेल्या पापुद्र्याखाली काय दिसतं ते बघा. खाली लाल गंज, खड्डे पडलेले, म्हणजे गंजाने थर उचलला, कंपनी म्हणेल हवामान. पण खाली स्वच्छ राखाडी लोखंड आहे किंवा पिवळट चमकदार निकेल आहे आणि वरचा थर पट्टीसारखा सोलून निघतोय तर तो चिकटलाच नव्हता, प्लेटिंगच्या आधी धुणं नीट झालं नाही. ही शंभर टक्के बनावटीतली चूक. असा जवळून फोटो काढा, सूर्यप्रकाशात, आणि क्लेममध्ये गंज हा शब्द लिहायचाच नाही, लिहायचं प्लेटिंग सुटतंय, हाताला इजा झाली. कारण जे आहे ते तेच आहे.

आणि कृपा करून कोणी टॉयलेटचं अॅसिड वापरू नका. गंज पटकन जातो हे खरं आहे पण कडक केलेल्या लोखंडात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं, वरून दिसत नाही, नंतर जोर लावताना पटकन तुटतं आणि तोंडावर बसतं. याच कारणामुळे परत प्लेटिंग करून घ्यायच्या भानगडीतही पडू नका. प्लेटिंग झाल्यावर असा माल भट्टीत साधारण २०० अंशाला काही तास ठेवावा लागतो, हायड्रोजन बाहेर काढायला, छोट्या दुकानात ते कोणी करत नाही.

देवगड_गॅरेज

खूपच आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. बघितलं आत्ता. एका रिंग पान्याखाली स्वच्छ राखाडी आहे, दुसऱ्याखाली लाल खड्डे. इम्पॅक्ट गन आमच्याकडे कधीच नव्हती.

परत फोन केला होता कस्टमर केअरला, यावेळी फक्त गोटी आणि त्या पान्याबद्दल बोलले. आता म्हणतात ओरिजनल बिल पाहिजे, आणि तुम्ही गॅरेजमध्ये वापरता म्हणजे कमर्शियल वापर, तो चालत नाही. अहो पाने मग काय शोकेसमध्ये ठेवायला घेतात का लोक? यावर काही करता येतं का? आणि साफ करायची नीट पद्धत पण कोणी सांगा, पक्कड तर हवीच आहे मला.

ग्राहक_सातारा

मी ग्राहक पंचायतीचं काम करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

कमर्शियल म्हणून तुम्हाला सरसकट बाजूला काढता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाची व्याख्या कलम २(७) मध्ये आहे आणि तिथेच स्पष्टीकरण दिलंय की जो माणूस स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू विकत घेऊन वापरतो तो वापर व्यापारी हेतू धरला जात नाही. स्वतःच्या हाताने गॅरेज चालवणारा मेकॅनिक यात बसतो. शंभर कामगारांचा कारखाना बसणार नाही. अर्थात वॉरंटी कार्डवरच ती अट छापलेली असेल तर कंपनी ती दाखवणार, म्हणून कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा आणि त्यांना लेखी विचारा की कार्डावर ही अट कुठे आहे. फोनवर बोलू नका आता, ईमेल करा. फोनवरचं नाही हे नाही असतं, लेखी नाही म्हणताना माणूस दहा वेळा विचार करतो.

बिलाचं म्हणाल तर डीलरकडे जुनी कार्बनची बिलबुकं असतात कधीकधी, विचारून बघा. कार्डने पैसे दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट चालतं. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला, त्यानंतरची खरेदी असेल तर डीलरच्या कॉम्प्युटरवर सापडायची शक्यता जास्त. काहीच नसेल तर हत्यारावरचा बॅच कोड आणि तुमच्याकडचं कार्ड, आणि डीलरने लिहून दिलं की होय हा माल आमच्याकडून गेलाय, तर तेही बरंच काम करतं.

ईमेलला दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, मोठ्या कंपन्या इथपर्यंत आलं की बऱ्याचदा ऐकतात. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच, म्हणजे सिंधुदुर्गातच तक्रार करता येते, ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली, पूर्वी कंपनी जिथे असेल किंवा प्रकार जिथे घडला तिथे जावं लागायचं. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, त्यामुळे कंपनीने लेखी नाकारल्याची तारीख जपून ठेवा.

पण मनापासून सांगतो, एका गोटीसाठी आयोगात जायची वेळ येऊ देऊ नका, तुमचे कामाचे दिवस त्यापेक्षा महाग आहेत. नीट लिहिलेला ईमेल, फोटो, आणि डीलरचा आधार, एवढ्यावर व्हायला पाहिजे हे.

मिशिगनकर

मी मूळचा सांगलीचा, इथे मिशिगनमध्ये बरीच वर्षं आहे. इकडे समुद्र नाही पण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे गाड्या आणि गाड्यांखाली काम करणारी हत्यारं तुमच्या देवगडसारखीच गंजतात.

पिंपरीच्या भाऊंनी लिहिलंय सगळं घेऊन जा म्हणून, तर इथला किस्सा सांगतो. क्राफ्ट्समन म्हणून ब्रँड आहे, सीअर्स नावाच्या दुकानांचा, १९२७ पासूनचा. त्यांच्या हँडटूलची वॉरंटी फार प्रसिद्ध होती, बिल नको, कारण नको, समाधान नाही तर दुकानात या आणि नवीन घेऊन जा. लोक काय करायचे, घराघरांपुढे जुन्या सामानाची विक्री लागते तिथून गंजलेले पाने कवडीमोलाने उचलायचे आणि दुकानात नेऊन नवे करून आणायचे. कोणाचे होते, कसे ठेवले होते, काही नाही. पुढे रॅचेट नेलं की बऱ्याचदा दुरुस्त केलेलं जुनंच हातात यायला लागलं. मग सीअर्सने २०१७ मध्ये तो ब्रँड स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरला विकला आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सीअर्स स्वतःच दिवाळखोरीत गेली. वॉरंटीमुळे बुडाली असं मी म्हणत नाही, त्याची कारणं वेगळी आणि मोठी. ब्रँड आजही आहे, दुसऱ्या दुकानांत मिळतो, बदलूनही देतात, पण कोणत्या दुकानात कोण काउंटरवर आहे यावर बरंच अवलंबून.

मला सांगायचंय ते असं की बदलून मिळालेला नेहमी जुन्यापेक्षा चांगला नसतो. जुने अमेरिकेत बनलेले होते, बदलून मिळायचे ते पुढे पुढे आशियात बनलेले, आणि कित्येक मेकॅनिक मग जुना गंजलेला साफ करून ठेवायला लागले, नवा नको म्हणाले. तुमच्या कॉम्बिनेशन पान्यांची तोंडं चांगली आहेत म्हणता ना, मग ते बदलायचा विचारच करू नका. आणि जे मोडलंय, कंपनीच्या चुकीने मोडलंय, ते हक्काने मागा. खोटा क्लेम करणाऱ्यांमुळे खऱ्या माणसाला चार प्रश्न जास्त विचारले जातात, आज तुम्हाला बिल मागतायत ते त्यामुळेच.

पिंपरी_फिटर

हे मात्र मी मानतो. सेट सोडून फक्त खरी मोडलेली हत्यारं न्या मग. पण बिल नाही म्हणून मागे हटू नका.

मिरकरवाडा_डिझेल

साफसफाईचं मी सांगतो, रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं करतो, आमची हत्यारं दिवसाआड खाऱ्या पाण्यात पडतात.

पक्कड: घासलेट नाहीतर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सांध्यापर्यंत बुडली पाहिजे. दोन तीन दिवस राहू दे. मग शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) एक दांडा धरून दुसरा हळूहळू हलवायचा, थोडा हलला की परत डिझेल, परत हलवा, लाल पाणी बाहेर येत राहील ते पुसत जा. लाल यायचं थांबलं की सांध्यात मशीन ऑइल. हातोडीने उघडू नका आणि गॅसने तापवू तर अजिबात नका, धारेचं पाणी उतरतं, मग तीच पक्कड साधी वायर कापताना खाचे धरते. आमच्याकडे एका पोराने चांगल्या छन्नीचं असंच वाटोळं केलं.

ठिपके आलेले क्रोमचे पाने: अॅल्युमिनियम फॉइल, चपात्या गुंडाळतो ती, तिचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा. क्रोमपेक्षा अॅल्युमिनियम मऊ त्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि ठिपके निघतात. पुसून कोरडं, मग तेलाचा हात. व्हिनेगर क्रोमवाल्याला नको, ज्याच्यावर प्लेटिंगच नाही असं काळं हत्यार असेल तर त्याला पांढरं व्हिनेगर चालतं, रात्रभर ठेवून सकाळी ब्रश, लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं आणि उन्हात वाळवून ताबडतोब तेल. तेल लावायला अर्धा तास उशीर केलात तर डोळ्यांदेखत परत पिवळं पडतं, आपल्याकडची हवाच तशी. कडक स्प्रिंग वगैरे मात्र व्हिनेगरमध्ये ठेवू नका, चाकणवाल्यांनी ठिसूळ व्हायचं सांगितलं ना तेच.

रॅचेट उघडताना मोठी प्लॅस्टिकची पिशवी घ्या आणि हात आत घालून पिशवीतच उघडा, आतली बारीक स्प्रिंग आणि छर्रा उडतो तो परत सापडत नाही. घासलेटने धुवा. पुष्कळदा जुनं ग्रीस घट्ट होऊन खटका चिकटलेला असतो आणि रॅचेट मेलं म्हणून आपण रडतो. परत भरताना घट्ट चाकाचं ग्रीस भरू नका, पातळ तेल किंवा ग्रीसचं नुसतं बोट.

डब्ल्यूडी-४० बद्दल, ते ओल काढायला बनवलेलं आहे, सैल करायला आणि पाणी हटवायला उत्तम, पण त्याच्या भरवशावर पावसाळा निघत नाही, थर पातळ असतो आणि उडून जातो. जून लागायच्या आधी आम्ही सगळ्या हत्यारांना ग्रीस आणि इंजिन ऑइल मिसळून कापडाने फासतो. पेटीत स्पंज किंवा फोम असेल तर फेकून द्या, तो पाणी धरून ठेवतो. आणि बघा गॅरेजमध्ये त्या पेटीजवळ बॅटरी चार्जिंगला लावता का, किंवा फरशीच्या अॅसिडची बाटली आहे का जवळ. नुसत्या वाफेने आजूबाजूचं सगळं लोखंड लाल होतं, झाकण बंद असलं तरी. माझा बाबा आम्हाला सांगायचा, पानो पुसान ठेव, मगे घराक जा. खाऱ्या पाण्यात हत्यार पडलं तर आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग पुसायचं, मग तेल, हा क्रम. मीठ तसंच ठेवून वरून तेल फासलं तर तेलाखाली गंज चालूच राहतो.

जुनी_इंजिनं

ताई तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अपूर्णांक आणि पुढे डब्ल्यू, हे व्हिटवर्थ पाने आहेत. कृपया हे कुठेही देऊ नका, वॉरंटीत नको, भंगारात तर नकोच नको.

जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवून दिलं, ते ब्रिटिश माप, आपल्याकडे जुन्या लिस्टर, पेटर, रस्टन इंजिनांना हेच नट असायचे, जुन्या बुलेटलाही काही ठिकाणी. या पान्यांवर जो आकडा असतो तो तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणजे पाव डब्ल्यू लिहिलेला पाना बघाल तर त्याचं तोंड पाव इंच नाही, ०.५२५ इंच आहे, म्हणजे साधारण १३.३ एमएम. त्याच पान्यावर शेजारी पाच सोळांश बीएस असंही कोरलेलं असेल, कारण बीएसएफचा (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बारीक आट्यांचा) एक नंबर मोठा बोल्ट त्याच मापाच्या डोक्याचा. आता बघा, या नटाला १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा ढिला होतो, नट गोल होतो. लोक मग सरकता पाना लावतात आणि नटाचं वाटोळं करतात. असं इंजिन दुरुस्तीला आलं आणि तुमच्याकडे हा सेट असेल तर पंचक्रोशीत ते काम फक्त तुम्हीच नीट करू शकता. आणि आज बाजारात हे माप नवीन मिळवायला फिरावं लागतं, साध्या दुकानात ठेवतच नाहीत.

दुसरं, हे कोणत्या कंपनीचे आहेत ते नीट वाचा. जुने पुष्कळसे इंग्लंड किंवा जर्मनीचे असतात, वरून काळे, प्लेटिंग नसलेले, त्यामुळे मिरकरवाड्याच्या दादांनी सांगितलेली व्हिनेगरची पद्धत यांना चालेल. फक्त रात्रभर ठेवून विसरू नका, कोरलेली अक्षरं खाल्ली जातात. मी तर नुसतं घासलेट, पितळी ब्रश आणि तेल एवढ्यावर भागवतो. वेळ लागतो पण अक्षरं शाबूत राहतात.

देवगड_गॅरेज

अहो खरंच, पाव डब्ल्यूच्या शेजारी पाच सोळांश बीएस कोरलेलं आहे! आणि गावात एका आंबा बागायतदाराकडे पंपाचं जुनं लिस्टर अजून चालू आहे, त्याचे नट सगळे चघळलेले आहेत, आता कळलं का ते.

रॅचेट पिशवीत उघडलं. खटका चिकटलेलाच होता, धुतल्यावर पकडतंय, त्यामुळे ते क्लेममधून काढलं. पक्कड डिझेलमध्ये आहे, अजून हलली नाही. कंपनीला ईमेल केला, कार्डाचे फोटो जोडले, कमर्शियलची अट कार्डावर खरंच कुठे छापलेली नाही हे लिहिलं. उत्तर आलं की डीलरकडे तपासणीसाठी जमा करा, बिलाबद्दल डीलर लिहून देत असेल तर बघू. तर आता चिरलेली गोटी आणि खाली राखाडी असलेला रिंग पाना एवढे दोनच नेणार आहे. लाल खड्डेवाला दुसरा पानाही दाखवावा का? आणि टॉर्क रेंच दुसऱ्या कंपनीचं आहे, त्याचं काय करायचं?

नागदेवी_काउंटर

छान केलंत. लाल खड्डेवाला पानाही बरोबर न्या पण क्लेम म्हणून पहिला पुढे करू नका. आधी गोटी, मग राखाडीवाला पाना, आणि ते दोन्ही मान्य झाले की सांगा, हा याच सेटमधला जोडीदार आहे, याचंही प्लेटिंग गेलंय, बघता का. दिला तर दिला. नाही दिला तर पापुद्रे काढून टाका आणि तो पाना तेल लावून वापरत राहा, ताकदीला काही कमी नसते त्याच्या, फक्त हाताला लागणार नाही असं करा. क्लेम संपल्यावर कानस मारायला हरकत नाही.

टॉर्क रेंचची गोष्ट वेगळी. त्याला मोजमापाचं हत्यार धरतात, लाइफटाइम सहसा नसते, बहुतेक कंपन्या वर्षभराची देतात. तुमचं गंजलेलं आहे म्हणजे आतली स्प्रिंगही बघावी लागेल, कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय त्याच्यावर सिलिंडर हेडचे बोल्ट आवळू नका. कोल्हापुरात एमआयडीसीत कॅलिब्रेशन करणाऱ्या लॅब आहेत, सर्टिफिकेट देणारी बघा. आणि काम झालं की दरवेळी सेटिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, स्प्रिंग दाबलेली राहिली की माप चुकतं.

डीलरकडे हत्यार ठेवून याल तेव्हा पोच घ्या, साध्या चिठ्ठीवर चालेल, पण त्यावर हत्यार कोणतं, साइज, बॅच नंबर, काय दोष आहे, तारीख आणि दुकानाचा शिक्का एवढं पाहिजे. दोष लिहिताना गोटी उभी चिरली आणि प्लेटिंग सुटलं असंच लिहून घ्या. पोरं घाईत नुसतं गंजलेला माल असं लिहितात आणि तीच चिठ्ठी कंपनीत जाते, म्हणून शिक्का मारायच्या आधी ती तुम्ही स्वतः वाचा.